खालच्या दोन ओळी

२ मार्च
नोकरी झकास मिळाली. डोंगरावरचा पडका किल्ला, बुरुजाला लागून दोन खोल्या. बायको खूश, सात वर्षांची लेक त्याहून खूश. काम एवढंच, की पर्यटक बुरुजाच्या आतल्या भिंतीवर नावं कोरून जातात ती चुन्याने बुजवायची. झाडूवाल्या मावशींनी मात्र बजावलंय, खालच्या दोन ओळींना हात लावायचा नाही. वेढा पडला तेव्हा किल्लेदाराने पाण्याच्या टाकीला कुलूप घातलं. तहानेने मेलेल्या एकोणीस जणांनी मरता मरता कोरलेली ती नावं. मावशी रोज ती मोठ्याने वाचतात, मगच पर्यटकांना दार उघडतात. फलकावर मात्र किल्लेदार शूरवीर!

५ मार्च
डोकं फिरलंय. काल लिंपलेल्या जागी आज बदाम, बाण आणि कुणा दिवट्याचं नाव. वरून साहेबांचा फोन, पाहणीला येतोय, भिंत कोरी करकरीत हवी. खालच्या ओळींचं सांगितलं, तर म्हणाले, मेलेल्यांची हजेरी घ्यायला पगार देत नाही. रागाच्या भरात अख्खी भिंत लिंपून टाकली, त्या दोन ओळींसकट. मावशी रजेवर, अडवणार कोण?

७ मार्च
ओल्या चुन्यात साहेबांचं नाव. कोरणाऱ्याला शिव्या घालत बुजवलं. दुपारी साहेब आले, बुरुजात शिरले, बाहेर आलेच नाहीत. दुसरी वाट नाही तिथे. भिंतीला कान लावला. आतून साहेब पाणी मागत होते.

८ मार्च
मावशी परतल्या, भिंत पाहून मटकन खाली बसल्या. नावं सांगा, पुन्हा कोरतो म्हटलं. म्हणाल्या, सकाळपासून आठवून बघतेय, एकही ओठावर येत नाही. त्यांच्यावर खेकसलो. खरं तर थोबाडीत माझ्याच मारायला हवी होती.

९ मार्च
चुना खरवडला. खाली दगड गुळगुळीत, नावं गायब. फक्त एक ताजं अक्षर. लेकीच्या नावातलं पहिलं.
घरी ती तिसरा तांब्या पितेय. तहान भागत नाही म्हणते.

१० मार्च
दुसरं अक्षर. डॉक्टरांना काही सापडत नाही. तिचे ओठ फुटलेत — लिंपलं मी, माज माझा, आणि तहान पोरीला? हरामखोरांनो, मला न्या.

११ मार्च
छिन्नी घेतली. तिची अक्षरं फोडून तिथे माझं नाव कोरतोय. पहिलं अक्षर झालं.
बायको धावत आली. पोर झोपली म्हणते, पाणी मागत नाहीये.
बरं झालं. घसा कोरडा पडलाय — वही गुडघ्यावर — छिन्नी खाली ठेवली, तरी दुसरं अक्षर आपोआप —