झोपलेल्या ऑटिसचे पंचवीस तास

आदरणीय व्हर्लिन मामांना भाची कोरीनचा मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कुरकुरायचा थांबला असेल आणि लोइस मामी तुम्हाला तळघराच्या पायऱ्या उतरू देत नसतील, असं धरून चालते. यंदा नेब्रास्कात गारा कमी पडल्या म्हणे. जन्मभर शेतकऱ्यांना गारपिटीचा विमा विकलेल्या माणसाला त्याची थोडी रुखरुख लागली असेल, पण तुमच्या तब्येतीला हे बरंच. ईस्टरला मी तुमच्याकडे तोंड फुगवून बसले आणि मामींनी भट्टीत भाजलेल्या आंबटगोड रूबार्ब-पायला हातसुद्धा लावला नाही. त्याचं कारण तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हाला ते ठाऊक होतं, हे मला आत्ता कळतंय.

वैमानिकाचं लायसन्स हातात पडलं तेव्हा मला वाटलं, आता आकाश आपलंच. मग नोकरी शोधायला निघाले. जावं तिथे मालक कॉफी पाजायचे, तोंडभर कौतुक करायचे आणि शेवटी म्हणायचे, पोरी, आमची काही हरकत नाही गं, पण विमा कंपनी पाचशे तास उडवलेला माणूस मागते. माझे तास त्याच्या निम्मे. तास नाहीत म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून तास नाहीत. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. पिकांवर फवारणी करणाऱ्या एकाने मला ठेवून घेतलं, पण विमान धुवायला. (धुणाऱ्याला तासांची अट नसते.)

दार उघडलं ते एकट्या ग्लेंडाने. पॅराशूट लावून विमानातून उड्या मारायची ज्यांना हौस, त्यांना वर नेऊन सोडायचा तिचा धंदा. तिच्या विमा कंपनीची अट अशी, की पहिले दहा तास तिचा जुना वैमानिक ऑटिस माझ्यासोबत बसणार, मग माझं नाव पॉलिसीत चढणार. तेवढेही कमी व्हावेत म्हणून मी तुम्हाला गळ घातली, कारण विमा देणारा हॅरोल्ड तुमचा जुना दोस्त. तुम्ही फोन केलात, आणि दहाचे पंचवीस झाले! मी समजले, मामांच्या शब्दाला आता कोणी विचारत नाही, आणि ईस्टरला रुसून बसले. ग्लेंडा तर वैतागलीच. ऑटिस बसला की एका उडीवाल्याची जागा जाते, आणि भरपूर तास गाठीशी असलेला दुसरा एक वैमानिक तिच्या दारात रोज हजेरी लावत होता. "पंचवीस होईपर्यंत थांबते," ती म्हणाली, "पण ऑटिसला खायला कमी घाल."

ते काही मला जमलं नाही. ऑटिस पंचाहत्तरीला टेकलेला. उडीवाल्यांसाठी शेजारची सीट काढून टाकलेली, म्हणून तो फरशीवरच पाठ टेकून बसायचा, खिमा-कोबी भरलेला रन्झा पाव खायचा आणि आम्ही वर पोचायच्या आत घोरायला लागायचा. लोक त्याला ओलांडून उड्या मारायचे. मी तक्रार केली तेव्हा ग्लेंडाने चष्मा लावून सगळी पॉलिसी वाचली. "सोबत असावा म्हटलंय. झोपू नये असं कुठे लिहिलंय?"

मग मे महिन्यातली ती दमट सकाळ. पहिले दहा तास केव्हाच मागे पडले होते. उडीवाले गेले, मी खाली यायला लागले आणि इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं, आणि त्याचा जीव जायला लागला. माझे हात भलत्याच दांड्या चाचपत होते. मामा, मी घाबरले. तेवढ्यात ऑटिसने डोळेसुद्धा न उघडता हात लांब केला आणि गरम हवेची दांडी ओढली. दमट हवेने इंजिनाच्या घशात बर्फ धरला होता. तो वितळेपर्यंत इंजिनाने आणखी धडधड केली आणि मग मुकाट चालू लागलं.

"खाली यायच्या आधी ओढायची," ऑटिस म्हणाला. "उन्हाळ्यातसुद्धा. आता नाही विसरायचीस तू." आणि कूस बदलून झोपला.

उतरल्यावर मी ग्लेंडाला सगळं सांगितलं. तिने मला पायरीवर बसवलं आणि तुम्ही सांगू नको म्हटलेलं सांगून टाकलं. हॅरोल्ड दहावर राजी होता, तुमच्यासाठी आठसुद्धा केले असते. तुम्ही त्याला म्हणालात, "माझी भाची आहे, म्हणून दहा पुरे नाहीत." दहाच असते तर त्या सकाळी मी वर एकटी असते. मामा, माझ्यासाठी शब्द टाकणारे पुष्कळ भेटले. माझ्या विरुद्ध टाकलात तो तुम्ही एकट्यांनी, आणि त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मामींना सांगा, तो रूबार्ब-पाय मला आता हवा आहे.

तुमची,
कोरीन

ता. क. पंचवीस झाले. पॉलिसीत माझं नाव चढलं, नोकरी पक्की. ऑटिस आता हँगरमधल्या खुर्चीत झोपतो, पण वरच्यासारखी झोप लागत नाही म्हणतो.

ता. क. दुसरा. खरं काम हे. या नोकरीत मी ज्यांना ज्यांना वर नेलं, ते सगळे अर्ध्यातून मला सोडून गेले. (ऑटिस माझ्यासोबत उतरायचा, पण झोपेत, म्हणून त्याला धरत नाही.) मंगळवारी उड्या नसतात. ग्लेंडा शेजारची सीट तुमच्यासाठी परत बसवून देतेय, हॅरोल्डचीही परवानगी काढली आहे. तुम्ही जन्मात विमानात पाऊल ठेवलेलं नाही, ते मला माहीत आहे. खुशाल डोळे मिटून बसा. पॉलिसीत झोपू नये असं कुठेच लिहिलेलं नाही. फक्त चाकं जमिनीला लागेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहा.