तिखटाचा नेम

२ जुलै. सकाळी.
जीभ भाजतेय. गरम चहाने पोळावी तशी. चहा अजून घेतलेलाही नाही. आरशात पाहिली. लाल नाही, फोड नाही. पाळी जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून अंगात काही ना काही नवीन निघतंच. मनावर घ्यायचं नाही, असं ठरवलं.

३ जुलै.
मनावर घेतलं. संशय मृणालीवर. सून घरात आल्यापासून तिखटाचा डबा भराभर खाली जातो. पण तोंडातून शब्द काढायचा नाही, हा निश्चय. दुपारी काढला. ती म्हणाली, आई, आजची आमटी तुम्हीच केलीय.

५ जुलै.
डॉक्टरकडे गेले. भरल्या दवाखान्यात त्यांनी विचारलं, मावशी, मिश्री लावता? तंबाखू? गुटखा? मला! चाळीस वर्षं तुळशीला पाणी घातल्याशिवाय घोट न घेणारीला! बाकावर आमच्या शेजारीण पार्वतीवहिनी बीपी दाखवायला बसलेल्या. मी म्हटलं, मला काहीएक होत नाही, आणि उठले. फी घेतलीच.

६ जुलै. आषाढी एकादशी.
पार्वतीवहिनींनी गाठलंच. काय गो वहिनी, तोंडाला काय झालाय? एकदम सुचलं. म्हटलं, चातुर्मासात तिखट सोडायचा नेम धरलाय, प्रकृतीला झेपेल का ते विचारायला गेले होते. त्यांनी माझा हात धरला. कललं गो, कललं. सुनंला पोर व्हावं म्हणून ना? मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

१४ जुलै.
भजनी मंडळात पार्वतीवहिनींनी माइकवरून जाहीर केलं. टाळ्या. मी खाली बघत होते. बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. घरी बातमी माझ्याआधी पोचलेली. रात्रीची भाजी मृणालीने फिकी केली. ह्यांनी विचारलं, घरात कोण आजारी आहे?
देवासमोर खरं सांगायचं ठरवलं. मग वाटलं, त्याला ठाऊकच आहे.

२ ऑगस्ट.
बर्फाने तेवढं बरं वाटतं. पोरं चोखतात त्या पेप्सीच्या नळ्या आणल्या, गुलाबी. दुकानदाराला सांगितलं, पाहुण्यांच्या मुलांसाठी. फ्रीझरमध्ये मटारामागे ठेवल्या. दुपारी लाइट गेली, गुलाबी पाणी ओट्यापर्यंत आलं. मृणालीने पुसलं. विचारलं नाही.
उरलेल्या तीन मीच संपवल्या, टाकवत नाही. आरतीला पार्वतीवहिनी सगळ्यांना दाखवत होत्या, बघा गो, वहिनींची जीभ कशी लालबुंद. तपाचं तेज हाय ते.

१९ ऑगस्ट.
शांतपणे विचार केला. नेम मृणालीसाठीच आहे. जळणं हा नेमाचाच भाग असणार. तेव्हा खोटं असं काहीच नाही. जळणं नेमाच्या आधी सुरू झालं, यात शिरायचं नाही.

६ सप्टेंबर.
मृणालीनेही तिखट सोडलं! पडघ्याच्या गोदामात तिचं ऑफिस, सगळे मिसळ मागवतात आणि ही डब्यातला दहीभात खाते. सुकली आहे. काल माझे पाय चेपले. पाय ओढून घ्यायला हवे होते. उद्या सांगून टाकणार.

८ सप्टेंबर.
पितृपक्ष लागला. असलं सांगायला दिवस बरे नाहीत.

२२ सप्टेंबर.
घट बसले. देवीच्या दिवसांत नको.

५ ऑक्टोबर. दुपारी.
मृणाली स्वयंपाकघराचं दार लावून रडली. म्हणाली, आई, नेम सोडा. आम्हालाच दोन वर्षं मूल नकोय, मी गोळ्या घेते. सुपरवायझरची पोस्ट मिळतेय. तुम्ही माझ्यासाठी जीव जाळताय आणि मी तुम्हाला फसवतेय. पाया पडली.
बोलायची वेळ हीच होती. मी म्हटलं, ऊठ, मी तुला माफ केलं.
तिला इतका आनंद झाला की लगेच ठेचा कुटला. भाकरीचा पहिला घास स्वतःच्या हाताने भरवला. खाल्ला.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
तोंड नळाखाली धरलं होतं. मृणाली मागे उभी. सगळं सांगितलं. मिश्री, माइक, मटारामागच्या नळ्या. आणि इथेही आजवर लिहिलं नव्हतं तेही सांगितलं, की मला वाटतं हा कॅन्सर आहे. तिने खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, आई, मग दुपारी तुम्ही मला माफ कशाबद्दल केलंत?
मी नळ पुन्हा सोडला आणि तोंड खाली धरलं.

७ ऑक्टोबर.
हाफ डे टाकून तिने कल्याणला डेंटिस्ट मॅडमकडे नेलं. मॅडमनी दिवा लावून बघितलं. वाईट काही नाही. पाळी जाण्याच्या वयात कितीतरी बायकांची जीभ अशी जळते, बाहेरून काही दिसत नाही. रक्त तपासू, औषधं आहेत. इतक्या मोठ्याने सांगितलं, मी दाराकडे बघितलं. बाहेरच्या बायकांपैकी कोणी मानही वर केली नाही.
येताना वाटेत कोन गावात मृणालीने रिक्षा थांबवली. वडापाव घेतला. दोन्ही तळलेल्या मिरच्या माझ्याकडे बघत खाल्ल्या. मला पेप्सी आणली. गुलाबीच.

९ ऑक्टोबर.
मंडळात पार्वतीवहिनींनी मृणालीला विचारलं, गोड बातमी कवा गो? ती म्हणाली, आईंना विचारा, नेम त्यांचा होता. सगळ्या माझ्याकडे वळल्या. कोणीतरी माइक पुढे केला.
सांगितलं. नेम नव्हता. नातवासाठीही नव्हता. पाळी गेल्यापासून माझी जीभ जळते, एवढंच होतं. हलकं वाटलं. पार्वतीवहिनी उठून जवळ आल्या, मला पोटाशी धरलं, आणि माइक चालू असतानाच म्हणाल्या, मंग आतातरी ती मिश्री सोड ना गो.
सगळ्या हसल्या. मृणाली सगळ्यात जास्त.
मी मिश्री लावत नाही. निदान इथे तरी लिहून ठेवते.