गोदूसाठी धरलेलं मौन

गोदूच्या बाबांना नमस्कार.

गोदूला घेऊन उस्मानपुऱ्यात, पोरांना दवा देणाऱ्या वहिदाबाईंकडं जाते आहे. विचारायला घरी कोणी नव्हतं; आपण कचेरीत, आत्याबाई देवळात. भाकरी फडक्यात आहे, पिठलं चुलीजवळ. दिवेलागणीपर्यंत परत येऊ.

गोदूला वाचा फुटावी म्हणून मी रोज पूजा होईपर्यंत मौन धरते. आज फुलं वेचताना तिनं पदर ओढला आणि "आई" म्हणाली. चार वर्षांची झाली, पहिल्यांदाच. मी व्रतात, ओ दिली नाही. पोर माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिनं ओठ मिटून घेतले. मग पूजा टाकून कितीतरी हाका मारल्या, पण तिचे ओठ हलले नाहीत.

वहिदाबाई मागंच म्हणाल्या होत्या, "बाई, तुम्ही दिवसभर बोला तिच्याशी. तिनं आवाज काढला की लगेच जवाब द्या. हीच दवा." मी ऐकलं नाही.

आत्याबाई म्हणतील, व्रत मोडलं, आता पोर मुकीच राहणार. त्यांना तेवढं आवरा. कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे.

रात्री ती खुणेनं पाणी मागेल. लगेच देऊ नका, जरा वाट बघा. नुसतं "पा" म्हणाली तरी ओ द्या.

फुलं परडीतच राहिली आहेत. देव थांबेल. गोदूला मी आता थांबवणार नाही.