तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

बाबा, यंदाही पितृपक्षात तुमचं पान छपराच्या कवेलूंवर ठेवलं आणि कावळा लगेच शिवला. मागच्या वर्षी असंच झालं, त्याच्या आदल्या वर्षीही. माझी बायको म्हणाली, "पाहा, बाबांची काही इच्छा राहिली नाही." सगळे खूश होऊन जेवायला बसले. मी हात धुवायच्या निमित्तानं न्हाणीत जाऊन उभा राहिलो, कारण मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटत होता. इच्छा राहिली नाही कशी? तुम्हाला तर काय झालं होतं तेच माहीत नाही. मॅट्रिकच्या परीक्षेत मला उठवलं, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवून तुम्ही गेलात. याला पंचवीस वर्षं झाली. पुढच्या महिन्यात मी तुमच्या वयाचा होईन, म्हणजे तुम्ही गेलात त्या वयाचा. त्याआधी हे सांगून टाकावं म्हणून चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा कागद फाडला. लोकांच्या चुका शोधायचा पगार घेतो मी, तुमच्यासारखाच प्रूफं तपासतो, आणि स्वतःची एक चूक कागदावर उतरवताना हात जड होतो.

तुम्ही मला शाळेत का घातलं नाही, हे गल्लीतल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणे बाप चिक्कू आहे, कुणी म्हणे पोरातच काही खोट असेल. खरं कारण तुम्ही मला एकदाच सांगितलंत, सायकलच्या दांडीवर मी पुढे बसलेलो असताना, म्हणजे तुमचं तोंड मला दिसत नव्हतं तेव्हा. लहानपणी तुम्ही तोतरे होतात. मास्तर मुद्दाम तुम्हालाच उभं करून वाचायला लावायचे आणि वर्ग हसून हसून लोळायचा. चौथीत तुम्ही शाळा सोडलीत ती कायमची. मग रोज पहाटे गावाबाहेरच्या विहिरीवर जाऊन देवाचं स्तोत्र मोठ्यानं म्हणायला लागलात, एकेक अक्षर सुटं करत. किती वर्षं ते तुम्हालाही आठवत नव्हतं, पण जीभ सुटली. "मले जीभ देवानं देल्ली बाबू, शाळेनं नाई," असं तुम्ही म्हणालात आणि पुढे वाड्यांच्या सावलीतून पायडल मारत राहिलात. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला. आपल्याला शाळेची गरज नाही, आपलं थेट देवाशी आहे, असं काहीतरी.

आपल्या घराचा दिवस आवाजानं सुरू व्हायचा. पाचला तुमचं स्तोत्र, मग आईची चूल पेटली की चुलीसमोर पाटावर माझा अभ्यास. चुलीपाशी का, तर तिथे उजेड असायचा आणि हिवाळ्यात ऊब. तुम्ही दाढी करता करता प्रश्न विचारायचात आणि मी डोळे मिटून उत्तर मोठ्यानं म्हणायचो. आधी तोंडानं, मग हातानं, हा तुमचा नियम. न बोललेलं उत्तर मी वहीत लिहिलेलं दिसलं तर तुम्ही पान फाडून आईला चूल पेटवायला द्यायचात. ही रीत तुम्ही छापखान्यातून आणली होती. सीताबर्डीच्या त्या छापखान्यात तुम्ही मूळ मजकूर स्वल्पविरामासकट मोठ्यानं वाचायचात आणि समोरचा माणूस छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवत चुका पकडायचा. "डोळा फसवते बाबू, कान नाई फसवत." दुसऱ्या लोकांच्या घरी देवाचा धाक असतो, आपल्या घरी कानाचा होता. संध्याकाळी दिवा लावून तुम्ही, आई, मी आणि माझी धाकटी बहीण असे चौघं मिळून पुन्हा तेच स्तोत्र म्हणायचो, आणि धाकटीचा एखादा शब्द चुकला तरी तुम्ही पहिल्यापासून सुरू करायचात. आई पुटपुटायची, "भात करपून राहिला," आणि पुन्हा हात जोडायची.

माझा छंद एकच, पतंग. माझ्या वयाच्या पोरांशी माझा संबंध आला तो त्यांच्या पतंगांपुरता. कोणता पतंग हिसका देऊन पळतो, कोणता ढील देत बसतो, हे मला पाठ होतं, पण मागच्या अंगणातून त्यांची तोंडं दिसत नसत. मी पतंग कापला तरी "ओ काट" ओरडायला माझ्या बाजूला कुणी नसायचं. मांजाची चक्री आई धरायची आणि तिचं सगळं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे. रविवारी आपण बेसा गावी मामाच्या वावरात, शेतावर जायचो. तिथेही तुम्ही मला सोडलं नाहीत. एकदा उताराचं पाणी माती कशी नेतं ते दाखवलंत आणि जमिनीची धूप थांबवायचे पाच उपाय मला बांधावर उभं करून म्हणायला लावलेत. मामा वखर थांबवून म्हणाला होता, "जावाईबापू, ढेकलाइले काहून शिकवून राहिले जी?" त्याच दिवशी, परत आल्यावर जेवताना, आई तुम्हाला म्हणाली, "पोराले सगळं येते, पन त्याले कोनी ओळखत नाई. सतरा वर्साचा झाला जी. त्याचा एक दोस्त दाखवा मले." तुम्ही म्हणालात, "मॅट्रिकले दोस्त नाई लागत वं." तुम्ही हसलात, मीही हसलो. आई हसली नाही.

मॅट्रिकला मी बाहेरून बसलो. फॉर्मवर शाळेचं नाव लिहायच्या जागी तुम्ही एक रेघ मारलीत आणि ती रेघ आईला नेऊन दाखवलीत, एवढा तिचा तोरा. टेकडीच्या गणपतीला नारळ बोललात. मला पांढऱ्या पॉपलिनचा शर्ट शिवलात, माझ्या मापाचा पहिला, तोवर मी तुमचेच कापून लहान केलेले घालायचो. आता मी पास झालो की साऱ्या गल्लीची तोंडं बंद होतील आणि धाकटीलाही घरीच शिकवता येईल, असं तुम्ही आईला सांगत होतात. तुमची आयुष्यभराची श्रद्धा त्या पेपरांवर लावलेली होती आणि ती मला शर्टापेक्षा जास्त टोचत होती.

पहिल्या दिवशी घंटा व्हायच्या आधी शेजारच्या बाकावरच्या पोरानं मला विचारलं, "कोन्या शाळेचा बे तू?" मी म्हणालो, "घरचा." तो एवढा हसला की त्याची कंपासपेटी खाली पडली. "घरचा? अबे, मंग मास्तर कोन तुहा?" मी म्हणालो, "बाबा." "मारते काय?" "नाही." "मंग मजा हाय बे तुही." त्यानं मला खिशातले फुटाणे दिले. दुसऱ्या दिवशीही दिले, तिसऱ्या दिवशी मीच मागून घेतले. या पोराबद्दल मी तुम्हाला एक शब्द सांगितला नाही. संध्याकाळी तुम्ही एकेक प्रश्न माझ्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचात आणि मी उत्तरं म्हणायचो, पण मनात त्याचं ते "बे" वाजत असायचं. आपल्या घरात मला कुणी कधी "बे" म्हटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी भूगोलाचा पेपर होता आणि अर्ध्या वेळातच मला बाहेर काढलं. तुम्हाला मी सांगितलं ते असं की, तिसरा प्रश्न सोडवताना घरच्या सवयीनं माझे ओठ हलले, नकळत आवाज निघाला, आणि देखरेखीवरच्या मास्तरांना वाटलं मी शेजाऱ्याला सांगतोय. तेच मी तिथेही सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, "काय सांगून राहिला रे त्याले?" आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "सांगत नाही सर, पुटपुटतोय. आमच्या घरी आधी तोंडानं म्हणतात." वर्ग हसला. शेजारचा पोरगा मान खाली घालून लिहीत राहिला. माझा पेपर गेला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही छापखान्यात खाडा करून माझ्याबरोबर आलात. परीक्षेच्या शाळेत एका खोलीत तीन मास्तर बसले होते, आपल्याला कुणी बसा म्हटलं नाही. तुम्ही टोपी काढून हातात धरलीत. "साहेब, माहा पोरगा खोटं नाई बोलत. मीच त्याले घरी मोठ्यानं बोलाले लावतो. सवय माही हाय, सजा मले द्या." मधले मास्तर म्हणाले, "शाळा घरी काढलीत, मग परीक्षाही घरीच घ्यायची होती. पोपट तयार केलात तुम्ही, पोपट." तुम्हाला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. तुम्ही "म" म्हणालात आणि पुन्हा "म" म्हणालात, आणि पुढे शब्द आलाच नाही. माझ्या जन्मापासून मी तुम्हाला अडखळताना पाहिलं नव्हतं. कडेचे मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले, हसू आवरायला. मधले म्हणाले, नियम आहे, वर्षभर बसता येणार नाही. बाबा, तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. मी खरं सांगितलं असतं तरी शिक्षा तीच राहिली असती, एका दिवसानंही वाढली नसती. फरक फक्त तुम्हाला पडला असता. तुम्ही मला रागावला असतात, कदाचित आयुष्यात पहिल्यांदा हात उगारला असतात, आणि तुमची मान सरळ राहिली असती. तेवढंही मला जमलं नाही.

परत येताना तुम्ही सायकलवर बसला नाहीत, हातात धरून चालत राहिलात. अर्ध्या रस्त्यात म्हणालात, "माही चूक झाली बाबू. तुह्या तोंडाले मीच सवय लावली." मी "नाही बाबा" म्हणालो, पण माझं मलाच ऐकू आलं नाही इतक्या हळू. त्या दिवसापासून तुम्ही मला एक प्रश्न विचारला नाहीत. उन्हाळा सरताच धाकटीला शाळेत घातलंत. आईला आनंद झाला, आणि तो तुमच्यासमोर दाखवायचा नाही म्हणून ती दिवसभर पदर तोंडाशी धरून वावरली. पहाटेचं स्तोत्र तुम्ही मनात म्हणू लागलात. मग मनात तरी म्हणत होतात की नाही, देव जाणे. संध्याकाळी दिवा लागायचा आणि आम्ही तिघं तुमची वाट पाहत गप्प उभे राहायचो. छापखान्यात मोठ्यानं वाचताना तुम्ही अडायला लागलात, तसं मालकानं तुम्हाला छापून झालेले फर्मे मोडून खिळे सुटे करायच्या कामावर बसवलं, जिथे बोलावं लागत नाही. पुढच्या हिवाळ्यात छातीत कळ आली आणि दोन दिवसांत सगळं संपलं. शेवटी आई तुमच्या कानाशी वाकून म्हणत होती, "देवाचं नाव घ्या जी, एकडाव घ्या." तुम्ही घ्यायला गेलात. पहिलं अक्षर निघालं, पुन्हा तेच अक्षर निघालं, आणि नाव पुरं झालं नाही. ज्या माणसानं देवाच्या नावावर जीभ कमावली त्याला शेवटी तेच नाव घेता आलं नाही, आणि मी उशाशी हातात पाण्याचा पेला धरून उभा होतो. आई अजूनही लोकांना सांगते की तुम्ही नाव घेत घेत गेलात.

आता लिहितो. मी पुटपुटत नव्हतो. त्या वर्गात माझे ओठ एकदाही आपोआप हलले नाहीत. पहिल्याच पेपराला मला कळलं की गुपचूप लिहिता येतं आणि काही बिघडत नाही, म्हणून तुमची रीत मी तेव्हाच सोडून दिली होती. चौथ्या दिवशी तो पोरगा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "अबे, तिसऱ्याचं सांग ना बे." तिसरा प्रश्न जमिनीच्या धुपीचा होता. मी सांगितलं. बांध, झाडं, उताराला आडवी नांगरट, सगळे पाच उपाय सांगितले. चौथा सांगताना मास्तर मागे येऊन उभे राहिलेले मला दिसले होते, तरी मी पाचवा सांगून टाकला. सतरा वर्षांत माझ्या वयाच्या कुणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, बाबा. मला त्या वेळी इतका आनंद झाला होता की भीतीला जागाच नव्हती. तुमच्या सवयीची काही चूक नव्हती. तुम्ही शिकवलेलं सगळं बरोबर होतं, त्या पोराला त्याचे गुणही मिळाले असतील.

हे लिहिलं की छातीवरचं ओझं उतरेल असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. मला पकडणारे मास्तर आता नाहीत, तो पोरगा कुठे असेल कुणास ठाऊक, आणि तुमच्यापर्यंत हा कागद जायचा नाही हे माहीत आहे, म्हणून तर हात चालला. कारण तुम्ही आत्ता या खुर्चीत येऊन बसलात आणि विचारलंत, "बाबू, काय झालं होतं त्या दिवशी?", तर मी कागद पाठीमागे लपवीन आणि तुमच्या डोळ्यांत पाहून म्हणेन, मी पुटपुटत होतो, बाबा.