आखाजीच्या दिवशी घोडीवर कोण होतं

देवपूर, धुळे
८ जून १९९१

प्रिय प्रमिला,

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं हे बरं झालं. घरी आलं असतं तर आबांनी मला ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावलं असतं. घरात पहिली पदवीधर झाल्यापासून कुणाचाही कागद आला की तो मीच वाचायचा, असा नियम आहे. विम्याची नोकरी म्हणजे काय, हे मात्र त्यांना अजून उमगलेलं नाही. आमच्याकडे ट्रक, दुकानं, कापसाच्या गाठी यांचा विमा उतरवतात, असं सांगितलं तोवर ठीक होतं. घोड्यांचाही उतरवतात म्हटल्यावर ते म्हणाले, "बेबी, तुले फसाडी राह्यनात."

तू लिहितेस, "जाऊ दे, अपघाताच्या कागदावर नाव लिहिलं तर लिहिलं, धरणगावला होणाऱ्या सासरी कळलं नाही म्हणजे झालं." हे वाचताना मला पहिला दिवस आठवत होता. मैदान नगरपालिकेचं, म्हणून घोडेस्वारीच्या क्लबनं कॉलेजच्या मुलामुलींना फुकट शिकवायचं ठरलेलं. मुलांची रांग होती आणि मुलींत आपण दोघी. तू भावाची पँट घालून आली होतीस. पाखरी घोडीची उंची पाहून मी मागे सरकले, तेव्हा घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार झुलालभाऊ म्हणाले होते, "भ्याव लागस ते घोडीले सांगू नको, तिले म्हाईत शे." तू मात्र पाय टाकून बसलीससुद्धा. लग्नसराईत तेच खोगीर नवरदेवाखाली जायचं, म्हणून आपण उतरलो की झुलालभाऊ त्यावर शुद्धीसाठी हळदीचं पाणी शिंपडायचे. तू विचारलंस, "नवरदेव उतरल्यावर आमच्यासाठी का नाही शिंपडत?" बिचाऱ्यांनी विचार केला आणि पुढच्या खेपेपासून दोन्ही वेळा शिंपडायला लागले.

आता नीट सांगते, कारण तुला अर्धवटच कळलेलं दिसतं. आखाजीच्या संध्याकाळी, अक्षय्य तृतीयेच्या लग्नांच्या गर्दीत, क्लबचे चिटणीस आधारनाना यांनी पाखरीला एका वरातीत पाठवलं. कुणीतरी तिच्या पायाखाली फटाक्यांची माळ टाकली. नवरदेवाला काही झालं नाही, त्याचा फेटासुद्धा हलला नाही. लगाम धरलेले झुलालभाऊ टापांखाली आले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. क्लबचा विमा आमच्याच कंपनीचा आणि मैदानावरच्या शिकवणीपुरता आहे; तिथं स्वाराच्या चुकीनं कुणाला इजा झाली तर पैसे मिळतात, वरात त्यात येत नाही. म्हणून नानांनी लिहून दिलं, की अपघात मैदानावर झाला, शिकवणी चालू होती आणि कुमारी प्रमिला हिला घोडी आवरली नाही. एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुलींचा तास त्यांनी बंद केला आणि सगळ्यांना सांगितलं, "विमा कंपनीले पोरी चालत नहीत." प्रमिला, आमच्या कंपनीनं असं कधीही म्हटलेलं नाही. कंपनीला कोणीही चालतं, ज्याचा विमा उतरवलाय ते.

मी नानांकडे गेले. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "तू आपलीच पोर. झुलालच्या दवाखान्याचा खर्च निघतोय, त्या पोरीचं काय जातंय? ती तर सासरी चालली." मला राग आला, पण दवाखान्याचं खरं होतं. झुलालभाऊंकडे गेले तर तेही खाटेवरून म्हणाले, "तू खरं सांगशी, मंग मना दवाखानाना पैसा कोन दी?"

उत्तर शोधून पुन्हा गेले. मालकानं पाठवलेल्या कामावर माणूस जखमी झाला तर भरपाई मालकानं द्यायची, मग काम मैदानावरचं असो की वरातीतलं. त्यासाठी वेगळा विमा मिळतो. नानांनी घोड्यांचा उतरवला होता, स्वारांचा उतरवला होता, मोतद्दाराचा नव्हता. आता ते देणं त्यांच्यावरच आहे. "नाना आते माले कामवर ठेवाव नही," झुलालभाऊ म्हणाले. मग कामगार कचेरीच्या अर्जावर अंगठा देताना म्हणाले, "घोडी पोरीसना हातमा कधी उधळनी नही. हाई बी लिखी ले." मी लिहिलं.

आमचे साहेब सोलापूरकडचे. म्हणाले, "बाई, तुम्ही अजून कायम झालेल्या नाही आहात. कशाला यात पडता?" मी म्हटलं, साहेब, आखाजीला खानदेशातली कुठली मुलगी शिकवणीला जाते ते दाखवा. त्या दिवशी घराघरातल्या लेकी माहेरी असतात, झोक्यावर असतात. नानांच्या स्वतःच्या दोघी लेकी आलेल्या होत्या, त्यांचे झोके अंगणातल्या कडुलिंबाला बांधलेले, आणि त्याच लिंबाखाली बसून त्यांनी हे लिहिलं. साहेब हसले. मग म्हणाले, रीत म्हणजे पुरावा नव्हे. ती मुलगी त्या दिवशी दुसरीकडे होती, हे पाहिलंय कुणी?

पाहिलंय. तुझ्या होणाऱ्या सासूबाई लिलाबाई आखाजीची साडी घेऊन त्याच दिवशी पिंपळनेरला तुमच्या घरी आल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत तुझा झोका त्यांनीच ढकलला, हे तूच मला कौतुकानं लिहिलं होतंस. मी साहेबांना त्यांचं नाव दिलं आहे. येत्या गुरुवारी कंपनीचा माणूस धरणगावला जाईल आणि त्यांना विचारेल. तुला न विचारता दिलं, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि तुझं नाव त्या कागदावर कायमचं राहिलं असतं. रागाव माझ्यावर, हवं तितकं. घोडेस्वारीचं कळून लग्न मोडेल अशी भीती मलाही वाटते, तरी दिलेलं नाव मी मागे घेणार नाही. हे पत्र एवढ्यासाठीच, की तुझ्या हातात अजून गुरुवारपर्यंत वेळ आहे. परक्या माणसाच्या तोंडून कळण्याआधी धरणगावला जा आणि लिलाबाईंना तू स्वतः सांग, की आखाजीला घोडीवर तू नव्हतीस, पण त्याआधी दोन वर्षं होतीस.

कितीही रागावलीस तरी तुझीच,
बेबी