आजच्या पानावरचं कुकरचं वाक्य

मंगळवार, संध्याकाळ

लोचा झालाय. कोपरीत आमच्या बिल्डिंगखालच्या फळ्यावर सावंत काका रोज एक वाक्य लिहितात. एका मोठ्या कादंबरीकाराच्या वाक्यांची छापील डायरी आहे त्यांच्याकडे, तारखेप्रमाणे. काल ती बघायला म्हणून घेतली आणि आजच्या पानावर मी माझंच वाक्य प्रिंट काढून चिकटवलेलं: ‘एकट्यासाठी कुकर लावला तरी शिट्ट्या तेवढ्याच होतात.’ वाटलेलं, सगळे हसतील.

काकांनी ते लिहिलं आणि फळ्यासमोरच उभे राहिले. दिवाळीत काकू गेल्या ना.

म्हणाले, “पक्या, वर्षभर उतरवतोय. हा माणूस आज पहिल्यांदा माझ्याशी बोलला रे. उद्या लायब्ररीत जाऊन ते पुस्तकच शोधतो.”

काय शोधणार? कुकर आमच्या घरातला.

उद्या ते निघायच्या आत सांगतो. शिव्या घालू देत. फक्त रागाने फळा पुसायला नको त्यांनी.