बाबांना दिसलेला धूर

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
२३ जानेवारी २००७

प्रिय मोरेश्वर,

तुला आणि शैलजाला ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, हे सवयीनं लिहिलं. फोनवर तुझा आवाज ऐकला की तोंडातून 'मजेत' एवढंच निघतं, म्हणून हे पत्र.

इला आता कुशीवर वळते. विनय सोमवारी क्लायंटकडे जातो तो शुक्रवारी उगवतो. सासूबाई मार्चमध्ये येणार, तोवर नातीला सांभाळायची पाळी बाबांची. तू म्हणाला होतास, "ताई, हल्ली थोडा विसर पडतो त्यांना, पण तिकडे रमतील." रमले हो, छान रमले.

या घरात हीटिंगला तेल नाही, गॅस नाही. मागच्या अंगणात एसीसारखं एक धूड आहे, हीट पंप म्हणतात त्याला. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून ते घरात आणतं. "बाहेर बर्फ आहे, त्यात कसली डोंबलाची ऊब?" बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मग त्यांच्यातला वीज मंडळाचा इंजिनिअर जागा झाला आणि संध्याकाळपर्यंत ते विनयलाच त्याचं तत्त्व समजावत होते.

थंडीत त्या यंत्रावर बर्फ साचतो. तो वितळवायला ते मधूनच स्वतःला तापवतं आणि वाफेचा असा लोट उठतो की कुणालाही वाटावं, पेटलं! पहिल्यांदा बाबा बादली घेऊन धावले, भडाभडा पाणी ओतून आले. यंत्राचा पंखा गोठला, घर गारठलं, आणि आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवून हसत बसलो. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, "सर, दॅट्स जस्ट स्टीम." बाबा ओशाळले. "एवढं मला कळू नये?"

पुढच्या आठवड्यात पुन्हा बादली. या वेळी कुणी हसलं नाही. मी बादल्या लपवल्या आणि ऑफिसला जात राहिले.

आता मुद्द्याचं लिहिते. गेल्या गुरुवारी मी लवकर घरी आले. ड्राइव्हवेवर, बर्फात, इलाचं कार सीट ठेवलेलं. त्यात इला. अंगात झबलं, पाय उघडे. ती रडत नव्हती, मोरेश्वर. रडून दमली असावी. बाबा आत नळाखाली पातेलं धरून उभे होते. "आग लागलीय, आत येऊ नका!" मी इलाला त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "कुणाची गं ही?"

इला बरी आहे, पायाची बोटं वाचली. डॉक्टरांना मी गाडी बंद पडल्याचं सांगितलं. खरं सांगितलं तर इथले सरकारी लोक तिला आमच्याकडून काढून घेतील, अशी भीती वाटली. विनयलाही सांगितलेलं नाही. तिला आता डे केअरमध्ये ठेवते.

पण बाबांना कुठे ठेवू? काल ते नुसत्या मोज्यांवर बर्फात धावले. शेजारणीनं आत आणलं, ओठ निळे पडले होते. आज सकाळी त्यांच्या खोलीत थर्मासमध्ये चहा ठेवला, डब्यात पोळी-भाजी ठेवली आणि बाहेरून कुलूप लावून ऑफिसात आले. इथूनच लिहितेय. कुलूप लावताना आतून हाक आली, अगदी शांतपणे. "नीला, दार अडकलंय वाटतं. तू जा, तुला उशीर होईल. सावकाश सुतार बोलाव."

त्या खोलीच्या खिडकीतून यंत्र समोरच दिसतं. आज ते दार ठोकतील, 'आग, आग' ओरडतील, आणि घरात ऐकायला कुणी नाही. एखाद्या दिवशी ते खरं ओरडत असले, तरीही नसेल.

पत्र मिळताच निघ. त्यांना घेऊन जा.

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

तुझी,
नीलाताई